मापात पाप

माझ्या टेबलावर एक ऑसिलोस्कोप आहे. त्याला २०० मेगाहर्ट्झपर्यंतचं दिसतं. दोन वर्षं त्याने मला ७०पर्यंतचंच दाखवलं, कारण मी तेवढ्याचेच पैसे भरले होते.

नंतर मी उरलेले पैसे भरले. ईमेलवर अंक-अक्षरांची एक ओळ आली. ती मी स्कोपमध्ये टाकली, स्कोप बंद करून चालू केला आणि त्याला दिसायला लागलं. कुणी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही, आतला एकही पार्ट बदलला नाही. जे यंत्र मी दोन वर्षांपूर्वी विकत घेऊन घरी आणलं होतं, तेच यंत्र. फक्त आता त्याला खरं सांगायची परवानगी मिळाली होती.

माझं भांडण त्या परवानगीशी आहे.

ज्यांचा या यंत्राशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेचा दाब क्षणोक्षणी कसा बदलतो त्याचा आलेख काढणारं यंत्र. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना तो 'सीआरओ' म्हणून आठवेल. हिरवी रेघ, प्रॅक्टिकलची जर्नल, आणि व्हायव्हाला 'ट्रिगर म्हणजे काय' हा हमखास प्रश्न. तुमच्या हातातला फोन, त्याचा चार्जर, रस्त्यावरची ई-रिक्षा, दवाखान्यातला मॉनिटर, यातलं काहीही कुणीतरी स्कोपवर बघितल्याशिवाय बाजारात येत नाही. डॉक्टरला जसा स्टेथोस्कोप, तसा आम्हाला हा.

त्याच्या डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा म्हणजे बँडविड्थ. ७० मेगाहर्ट्झ, १००, २००. हा आकडा वाढला की किंमत वाढते. पण त्याचा अर्थ बरेच जण चुकीचा लावतात. ७०चा स्कोप ७०पर्यंत सगळं नीट दाखवतो आणि पुढे आंधळा होतो, असं नसतं. ७० मेगाहर्ट्झलाच तो खऱ्या उंचीच्या साधारण ७१ टक्केच दाखवतो. ही त्या आकड्याची व्याख्याच आहे. १०० मेगाहर्ट्झला तो साधारण ५७ टक्क्यांवर येतो. पुढे आणखी कमी. आणि हे सगळं तो अत्यंत सुबक, गुळगुळीत रेघ काढून सांगतो. कुठेही लाल दिवा लागत नाही.

६९ आणि ७९

आमचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. दोन भागीदार, तीन कामगार. ई-रिक्षाचे कंट्रोलर बनवतो, म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्या मधला डबा. त्या डब्यात मॉसफेट नावाचे स्विच असतात, सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद होणारे. आमच्या डिझाइनमधला मॉसफेट ७५ व्होल्ट सहन करणारा होता. ४८ व्होल्टची बॅटरी चार्ज झाल्यावर ५२च्या आसपास जाते. स्विच बंद होताना वर एक उसळी येते, क्षणभर थरथरते आणि विरते. ती मी स्कोपवर मोजली. १७ व्होल्ट. ५२ आणि १७, ६९. पंचाहत्तरच्या आत. मी सही केली आणि माल गेला.

तीन महिन्यांनी नागपूरहून वितरकाचा फोन आला. "ताई, चार गाड्या उभ्या आहेत. तुमच्या डब्यातच काहीतरी गोम आहे." आठवड्याभरात चारच्या सात झाल्या. ई-रिक्षावाल्याची गाडी उभी राहणं म्हणजे त्या दिवशीची कमाई गेली आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. मी वायरिंगला दोष दिला, उन्हाला दिला, मॉसफेट विकणाऱ्याला दिला. स्कोपला दिला नाही. मोजमापाच्या यंत्रावर संशय घ्यायचा असतो हे मला माहीत होतं, पण समोर इतकी स्वच्छ रेघ असताना ते सुचत नाही.

शेवटी एका मित्राच्या लॅबमधला मोठा स्कोप दोन दिवसांसाठी मागून आणला. उसळी १०० मेगाहर्ट्झच्या आसपास थरथरत होती आणि ती १७ व्होल्टची नव्हतीच. ३०च्या जवळ होती. ५२ आणि ३० म्हणजे ८२. मॉसफेट रोज, सेकंदाला हजारो वेळा, आपल्या मर्यादेबाहेर ढकलला जात होता.

मग नवा स्कोप घ्यायचा म्हणून विक्रेत्याला फोन केला. तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "मॅडम, नवा कशाला घेता? तुमच्याकडे आहे त्यात बोर्ड तोच असतो. की टाकायची फक्त." कीची किंमत त्याने सांगितली. स्कोपच्या किमतीच्या जवळपास निम्मी.

की टाकल्यावर माझ्याच स्कोपने तीच उसळी २७ व्होल्टची दाखवली. ५२ आणि २७, ७९. पंचाहत्तरच्या वर. हा आकडा मला पहिल्या दिवशी दिसला असता तर मी सही केली नसती. ६९ आणि ७९ यांच्यात जो फरक आहे, तो कुठल्याही पार्टचा नव्हता. तो बिलाचा होता.

माझी चूक, आणि त्यांची

आता तुम्ही म्हणाल, बाई, डब्यावर ७० लिहिलं होतं ना? हो, लिहिलं होतं. जेवढ्या वेगाचा सिग्नल मोजायचा त्याच्या पाचपट बँडविड्थ घ्यावी, हा नियम मला कॉलेजपासून पाठ होता. तो मी पाळला नाही, कारण बजेट नव्हतं आणि सिग्नल इतका वेगवान असेल असं वाटलं नाही. ती चूक माझी, आणि त्या सात गाड्यांचे डबे आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिले.

कंपनी माझ्याशी खोटं बोलली असं मी म्हणत नाही. कंपनीने एक शब्दही खोटा छापलेला नाही. खोटं बोलायचं काम तिने यंत्राकडे दिलं.

हा फरक नीट बघा. कुलुपं दोन प्रकारची असतात. माझ्याच स्कोपमध्ये कॅन, आय-टू-सी वगैरे संदेशांची फोड करून दाखवायची सोय कुलूपबंद आहे. त्या मेनूवर बोट ठेवलं की स्कोप सांगतो, लायसन्स नाही. ठीक. माझा राग नाही. ते सॉफ्टवेअर कुणीतरी खपून लिहिलंय, त्याचे पैसे मागावेत. मला नको असेल तर मी संदेश हाताने वाचीन. तिथे यंत्र नकार देतं आणि नकार हे प्रामाणिक उत्तर आहे.

बँडविड्थचं कुलूप नकार देत नाही. ते चुकीचं उत्तर देतं.

वाण्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा डोळ्यांपुढे आणा. ३० किलोच्या काट्यावर ४० किलोचं पोतं ठेवलं तर तो एरर दाखवून गप्प बसतो. ४० किलोचं पोतं २३ किलोचं आहे असं सांगत नाही. सांगितलं असतं तर वैध मापन खात्याचा माणूस काटा उचलून घेऊन गेला असता आणि गल्लीतल्या प्रत्येकाने 'मापात पाप' म्हणून दुकानदाराचा उद्धार केला असता. समजा, काटा मुळात १०० किलोचा आहे आणि ३०च्या पुढे तो मुद्दाम कमी दाखवतो, कारण दुकानदाराने वरचे पैसे भरलेले नाहीत, असं कळलं तर?

यावर एक बिनतोड वाटणारं उत्तर येतं: ज्या स्कोपला खरोखरच ७०चं हार्डवेअर आहे, तोही १०० मेगाहर्ट्झला असंच कमी दाखवतो की! बरोबर. पण त्याच्यापुढे इलाज नाही. त्याच्या ॲम्प्लिफायरची धाव तेवढीच आहे. म्हाताऱ्या माणसाला लांबची पाटी दिसली नाही तर आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. ज्याला पाटी दिसते आणि तरी जो अंदाजपंचे काहीतरी वाचून दाखवतो, त्याला म्हणतो. माझ्या स्कोपमध्ये २००चं पुढचं सर्किट होतं, त्यावर मुद्दाम एक गाळणी लावलेली होती. काही यंत्रांत ही गाळणी सुरुवातीच्या ॲनालॉग भागात असते, काहींत सिग्नलचे आकडे झाल्यावर गणिताने लावतात. कुठेही असो, ती निसर्गाने लावलेली नाही.

छप्पर नसलेला डबा

कंपन्यांची बाजू कमजोर नाही, म्हणून ती नीट मांडते. एकच बोर्ड बनवला की उत्पादन स्वस्त पडतं. ज्याला २०० हवं आणि परवडतं, तो जास्त देतो. त्याच्या जिवावर ७०वाल्याला स्वस्तात मिळतं. कुलूप काढलं तर सगळ्यांना मधली किंमत मोजावी लागेल आणि पहिला बळी विद्यार्थ्याचा जाईल.

हा युक्तिवाद जुना आहे. फ्रेंच इंजिनिअर आणि अर्थतज्ज्ञ ज्यूल द्युप्वी याने १८४९मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं होतं. डब्याला छप्पर घालायला फार खर्च येतो म्हणून ते उघडे ठेवलेले नाहीत, तर दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणारा माणूस तिसऱ्यात बसू नये म्हणून, असा त्याचा मुद्दा. गरिबाला भिजवायचं कारण श्रीमंताला घाबरवणं. १९९०च्या सुमारास आयबीएमने एक लेझर प्रिंटर काढला. तो मिनिटाला १०ऐवजी ५ पानं छापायचा, कारण त्यात मुद्दाम थांबे घातले होते. १९९६मध्ये डेनेकेर आणि मॅकाफी या दोन अर्थतज्ज्ञांनी अशा मालाला 'बिघडवलेला माल' असं नाव दिलं, आणि काही परिस्थितीत त्यातून सगळ्यांचाच फायदा होऊ शकतो हेही दाखवलं. टेस्लाने २०१६मध्ये ७५ किलोवॅट-तासाची बॅटरी असलेल्या गाड्या ६०च्या म्हणून विकल्या, उरलेली बॅटरी सॉफ्टवेअरने बंद ठेवून. २०१७मध्ये फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ आलं, तेव्हा लोकांना लांब पळून जाता यावं म्हणून कंपनीने ती काही दिवस दुरूनच उघडली. माणुसकीचं काम होतं. पण त्यामुळे हेही सगळ्यांना दिसलं की अडचण बॅटरीत कधीच नव्हती.

हा हिशेब मला मान्य आहे, असं समजून चालू. प्रिंटर हळू छापतो, पण जे छापतो ते पान बरोबर असतं. गाडी कमी अंतर जाते, पण किती जाणार ते काट्यावर खरं दाखवते. छपराशिवायच्या डब्यात बसलेल्या माणसाला आपण भिजतोय हे कळतं. बिघडवलेल्या मालाचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे की गिऱ्हाइकाला आपलं काय कमी आहे ते जाणवतं. मोजमापाच्या यंत्राला तो लागू होत नाही. स्कोप बिघडवला की भिजणाऱ्याला आपण कोरडे आहोत असं दिसतं.

आणि ज्या विद्यार्थ्याच्या नावाने हा युक्तिवाद होतो, त्याचंच नुकसान यात सगळ्यात जास्त. अनुभवी माणसाला रेघेच्या उतारावरून शंका येते. नवशिक्याला स्क्रीन हेच सत्य वाटतं.

किल्ली शोधणाऱ्यांनो, तुम्हालाही

हे वाचून काही जण खूश झाले असतील. मला माहितीये तुम्ही कोण आहात. २०१०मध्ये रिगोलच्या ५० मेगाहर्ट्झच्या 'डीएस १०५२ ई'ला १००चा भाऊ बनवता येतं हे जगभरच्या हौशी लोकांनी शोधलं, तेव्हापासून हा एक खेळच झाला आहे. पुढे त्याच कंपनीच्या चार चॅनलच्या 'डीएस १०५४ झेड'चंही तेच झालं. एका संध्याकाळीत स्कोप दुप्पट. मी त्यांना चोर म्हणणार नाही. यंत्र त्यांचं, टेबल त्यांचं, ॲम्प्लिफायरचे पैसे त्यांनी मोजलेले.

पण कंपनीचं खोटं उघडं करताना स्वतःला नवं खोटं सांगू नका. किल्ली फक्त माणसाने लावलेली मर्यादा काढते, भौतिकशास्त्राने लावलेली नाही.

त्या 'डीएस १०५४ झेड'चंच घ्या. तो सेकंदाला १०० कोटी नमुने घेतो, पण ते सगळ्या चॅनलमध्ये वाटले जातात. चारही चॅनल चालू केले की प्रत्येकाच्या वाट्याला २५ कोटी. म्हणजे १२५ मेगाहर्ट्झच्या वरचं जे काही आत शिरेल ते खाली दुमडून, वेगळंच रूप घेऊन स्क्रीनवर येणार. गाळणी सैल केली की असं नको ते आत शिरायची वाट रुंद होते. इथे कुठलीही की चालत नाही.

मग प्रोब. एक-पट वर ठेवलेला साधा प्रोब १० मेगाहर्ट्झच्या आसपासच दम टाकतो. स्कोप २००चा असो की ५००चा, त्याला काही फरक पडत नाही. आणि प्रोबची ती अर्थची लांब शेपटी, टोकाला मगर-क्लिप असलेली! की टाकल्यावर पहिल्यांदा मी तीच उसळी मोजली तेव्हा ४४ व्होल्ट आली. मी हादरले. मग शेपटी काढून टोकाला छोटी स्प्रिंग लावली, तेव्हा ती २७वर आली. मधले १७ व्होल्ट शेपटीचे होते. १५ सेंटिमीटरची तार आणि प्रोबची स्वतःची धारिता मिळून १००-१२५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःच वाजते. आणि स्प्रिंग लावूनही २७ हा शेवटचा शब्द नव्हता. २००चा स्कोपही १०० मेगाहर्ट्झला दहाएक टक्के कमी दाखवतो, म्हणून खरी उसळी ३०च्या जवळ. हे मी वजा-बेरीज करून मान्य करते, कारण ही मर्यादा कुणी माझ्यापासून लपवलेली नाही.

तेव्हा किल्ली मिळाली म्हणजे सत्य मिळालं असं नाही. किल्ली टाकलेल्या स्कोपला २००पर्यंत तपासल्याचं प्रमाणपत्र नसतं, हेही लक्षात ठेवा. आणि असा स्कोप वरच्या मॉडेलचा म्हणून दुसऱ्याला विकलात, तर ती सरळ फसवणूक. तिथे मी तुमच्या बाजूने नाही.

राहिला कायदा. २०१४मध्ये हॅकाडे या संकेतस्थळाने टेक्ट्रॉनिक्सच्या स्कोपमधल्या सोयी उघडणाऱ्या छोट्या कार्डांची नक्कल कशी होते ते छापलं, तेव्हा कंपनीने अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए कायद्याखाली नोटीस धाडली. कार्डावरची स्मृतिचिप कशी असते हे सांगणं म्हणजे कॉपीराइटचा भंग! आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. पण त्यात एक अट आहे: तोडणाऱ्याचा हेतू कॉपीराइटचा हक्क मोडण्याचा असला पाहिजे. स्वतःच्या ॲम्प्लिफायरवरची गाळणी काढणाऱ्याचा हेतू उसळी बघण्याचा असतो. करारभंग झाला का, वॉरंटी गेली का, हे प्रश्न वेगळे, त्यांचं काय ते दिवाणी भांडण होऊ द्या. पण आपल्या यंत्राने खरं सांगावं म्हणून धडपडणाऱ्याला तुरुंगाची भीती घालणं मला मान्य नाही.

मागणं फार नाही

माझं मागणं तीन ओळींचं आहे.

एक, डब्यावर दोन आकडे छापा: हार्डवेअर कुठपर्यंत धावतं आणि लायसन्स कुठपर्यंत धावू देतं. आज दुसराच आकडा छापतात आणि तो पहिला असल्यासारखा वाटतो.

दोन, चुकीची रेघ काढण्यापेक्षा नकार द्या. ७०चा स्कोप ५ नॅनोसेकंदांपेक्षा वेगाने चढणारी कड दाखवूच शकत नाही. तेव्हा स्क्रीनवरची कड ५च्या आसपास आली की कोपऱ्यात एक ओळ येऊ द्या, 'ही माझी मर्यादा आहे, सिग्नल याहून वेगवान असू शकतो'. कड किती वेळात चढली हे तो मोजतोच. हवं तर खाली 'लायसन्स विकत घ्या' अशी जाहिरात करा. मी त्या दिवशी आनंदाने घेतलं असतं आणि सात गाड्या चालू राहिल्या असत्या.

तीन, पैसे तपासणीचे घ्या. २००पर्यंत खरोखर तपासून, आकड्यांसह प्रमाणपत्र द्या आणि त्याची किंमत लावा. ते कष्टाचं काम आहे. माझ्याकडे आलेल्या ईमेलमध्ये असं काहीच नव्हतं, फक्त ती एक ओळ होती.

कीचं बिल मी जपून ठेवलंय. स्कोपच्या कपाळावर आता कागदी टेपचा तुकडा आहे, त्यावर स्केचपेनने लिहिलंय: '१०० मेगाहर्ट्झला १० टक्के कमी दाखवतो.' पॉलिटेक्निकमधून शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी ती चिठ्ठी वाचायला लावते आणि मग प्रोब हातात देते.

तुम्ही कधी लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन स्कोप घ्यायला गेलात, तर बँडविड्थ किती हे विचारू नका, ते डब्यावर असतं. ही मर्यादा पार्टची आहे की परवान्याची, एवढं विचारा. विक्रेत्याने उत्तर दिलं तर ते बिलावर लिहून घ्या.